विमान अपघाताचा तपास अहवाल कसा वाचावा? मंगळूर २०१० हाताशी घेऊन

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचे १९ जण गेले. मुख्य वैमानिक मुंबईचे, केबिन क्रूमधली काही मंडळी बदलापूर, डोंबिवली, पनवेलकडची. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला आणि ओळखीतल्या कितीतरी जणांनी तो मोबाइलवर उघडला, दोन पानं चाळली आणि बंद केला. इंग्रजी कळत होतं, पण त्यात नेमकं काय शोधायचं ते कळत नव्हतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सरावासाठी अहमदाबाद घेऊ नका. तो अपघात मनाला फार जवळचा आहे आणि प्राथमिक अहवालात कारण ठरवलेलंही नव्हतं. सुरुवात अशा अपघातापासून करा ज्याचा तपास पूर्ण झाला आहे, अहवाल खुला आहे आणि पुढे काय झालं तेही दिसतं. माझ्या मते भारतीय वाचकासाठी २२ मे २०१० चा मंगळूरचा अपघात सगळ्यांत योग्य. एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं बोइंग ७३७-८००, उड्डाण क्रमांक ८१२. विमानात १६६ जण होते. त्यातले १५८ मृत्युमुखी पडले, ८ वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले.

पायरी १: हातातला कागद कोणता आहे ते आधी बघा

अपघातानंतर तीन तऱ्हेचा मजकूर आपल्यापुढे येतो आणि लोक तिन्हींना 'अहवाल' म्हणतात. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिल्या दोन-चार दिवसांत येतात त्या बातम्या, 'सूत्रांनी सांगितलं' छापाचा मजकूर आणि व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ. यातून फक्त ठिकाण, वेळ, विमानाचा प्रकार आणि हेल्पलाइनचा नंबर घ्या. कारण घेऊ नका. व्हिडिओ कुठला आणि कधीचा आहे हे कळत नसेल तर पुढे पाठवूही नका. त्यात कुणाच्या तरी घरचं माणूस असतं.

मग येतो प्राथमिक अहवाल. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारातल्या तेराव्या परिशिष्टानुसार तो साधारण ३० दिवसांत यायला हवा. यात हाती लागलेल्या वस्तुस्थितीची नोंद असते, निष्कर्ष नसतो. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन' (चालू) वरून 'कटऑफ' (बंद) वर गेल्याची नोंद होती. एक वैमानिक दुसऱ्याला 'बंद का केलंस' असं विचारतो आणि दुसरा 'मी नाही केलं' म्हणतो, एवढंही होतं. स्विच कसे गेले, का गेले, हे त्यात नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून लोक त्या दोन ओळींवरून मेलेल्या माणसांवर आरोप करू लागले. प्राथमिक अहवाल वाचताना पेन्सिलीने एकच काम करा: 'झालं' असं सांगणारी वाक्यं खुणावा. 'म्हणून झालं' असं सांगणारं वाक्य त्यात सापडणारच नाही, आणि सापडलं तर ते तुमच्या डोक्यातून आलेलं आहे.

तिसरा अंतिम अहवाल. तो शक्यतो वर्षभरात यावा असा नियम. नाही आला तर दर वर्षदिनी तपास कुठवर आला ते जाहीर करायचं असतं. आपल्याला शिकायचं आहे ते हा वाचायला.

पायरी २: तपास कोणी केला आणि कशासाठी

पहिल्या पानांवर जवळजवळ सगळे अहवाल एक वाक्य छापतात, ते गाळू नका: या तपासाचा हेतू पुन्हा असा अपघात होऊ नये हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही. पोलिसांचा तपास वेगळा, न्यायालयातला नुकसानभरपाईचा दावा वेगळा, आणि हा वेगळा.

भारतात २०१२ पासून हे काम एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो करतो. मंगळूरच्या वेळी तो नव्हता, म्हणून सरकारने चौकशी न्यायालय नेमलं. तपासात आणखी देशांचे प्रतिनिधी दिसले तर दचकू नका. ज्या देशात विमान पडलं, जिथे त्याची नोंदणी आहे, जिथली कंपनी आहे, जिथे ते बनलं, त्या सगळ्यांना तपासात बसण्याचा हक्क असतो. बोइंग पडलं की एनटीएसबी ही अमेरिकेची अपघात तपास संस्था येतेच.

पायरी ३: पहिल्या पानापासून वाचू नका

जगभरचे अहवाल एकाच साच्यात असतात, आणि हा नवख्या वाचकाचा मोठा फायदा आहे. एकदा साचा कळला की काठमांडूचा काय आणि पॅरिसचा काय, कुठलाही अहवाल उघडता येतो. चार भाग असतात: वस्तुस्थिती, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. पहिल्या भागात १.१ पासून १.१९ पर्यंत ठरलेले क्रमांक असतात.

मी सांगेन तो क्रम असा. आधी १.१ वाचा, उड्डाणाची हकिगत. लगेच १.११ वर जा, म्हणजे ब्लॅक बॉक्स. मग १.१०, विमानतळ, आणि १.८, दिशादर्शक यंत्रणा. त्यानंतर १.१७, कंपनी आणि तिचा कारभार. हे झाल्यावरच विश्लेषण, आणि सगळ्यांत शेवटी निष्कर्ष. निष्कर्ष आधी वाचला तर बाकीची दीडशे पानं त्याचीच साक्ष वाटायला लागतात. हवामान, वैद्यकीय माहिती, आग, बचाव हे भाग गरजेप्रमाणे.

तीन गोष्टी कागदावर लिहून शेजारी ठेवा. अहवालातली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. उंची फुटांत, वेग नॉटमध्ये, अंतर नॉटिकल मैलांत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. आणि धावपट्टीचा क्रमांक म्हणजे दिशा: २४ म्हणजे होकायंत्रावर साधारण २४० अंश.

पायरी ४: शेवटची मिनिटं हळू वाचा

आता मंगळूर. इथे घाई करू नका, कारण वाचायला शिकायचं ते इथेच.

विमान मध्यरात्रीनंतर दुबईहून निघालेलं. तेच कर्मचारी आदल्या संध्याकाळनंतर मंगळूरहून विमान घेऊन गेले होते आणि तेच परत आणत होते. कॉकपिटमधल्या आवाजाच्या रेकॉर्डरवर २ तास ५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण मिळालं. त्यातला पहिला १ तास ४० मिनिटं कॅप्टन झ्लात्को ग्लुसिका यांचा आवाज नाही. घोरण्याचे, जड श्वासाचे आवाज आहेत. सहवैमानिक एच. एस. अहलुवालिया एकटेच नियंत्रण कक्षाशी बोलत आहेत. हे वाचून वाचक बहुधा थांबतो आणि म्हणतो, 'झोपला होता, संपलं.' थांबू नका. पुढे जा.

मंगळूरचं रडार २० मेपासून बंद होतं. रडार नसल्यामुळे नियंत्रकाने विमानाला नेहमीपेक्षा जवळ आल्यावर खाली उतरायची परवानगी दिली. पण त्या कमी अंतरात किती वेगाने खाली यायचं याचं नियोजन वैमानिकांनीही नीट केलं नाही, असं अहवाल म्हणतो. ही दोन्ही वाक्यं सोबत वाचायची. एकच उचलून चालत नाही. परिणाम असा की विमान धावपट्टीच्या दिशेने आलं तेव्हा हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. आयएलएस ही उतरण्याचा रस्ता दाखवणारी रेडिओ यंत्रणा साधारण तीन अंशांच्या उताराची एक अदृश्य रेषा देते, पण तिच्या वर खोट्या रेषाही तयार होतात. विमान वरून आलं तर खोटी रेषा पकडली जाऊ शकते. इथे तेच झालं.

धावपट्टी अडीच नॉटिकल मैलांवर असताना उंची मोजणारं यंत्र २५०० फूट बोललं. सहवैमानिक म्हणतात, फार उंच आहोत, धावपट्टी सरळ खाली आहे. कॅप्टन उद्गारतात, ऑटोपायलट काढतात आणि विमान खाली लोटतात. सहवैमानिक विचारतात, 'गो अराउंड?' म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं का. उत्तर येत नाही, कॅप्टन लोकलायझर (आयएलएसचा धावपट्टीची दिशा दाखवणारा भाग), ग्लाइड पाथ (उताराची रेषा) चुकल्याचं बोलतात. खाली येण्याचा वेग मिनिटाला जवळजवळ ४००० फूट होतो. इशारा देणारं यंत्र 'सिंक रेट' (फार वेगाने खाली येताय), 'पुल अप' (वर घ्या) ओरडत राहतं. सहवैमानिक दुसऱ्यांदा 'गो अराउंड' म्हणतात, वर 'अनस्टेबिलाइज्ड' असंही म्हणतात, म्हणजे उतरणं अस्थिर आहे, उंची-वेग हवे तसे नाहीत. विमान धावपट्टीच्या सुरुवातीवरून ५० फुटांऐवजी सुमारे २०० फुटांवरून, १४४ ऐवजी १६० नॉटच्या वर वेगाने जातं. टेकण्याच्या जरा आधी तिसऱ्यांदा: 'गो अराउंड कॅप्टन, आता धावपट्टी उरलेली नाही.'

धावपट्टी सुमारे ८००० फुटांची. चाकं टेकली ५२०० फुटांवर. उरले २८०० फूट, म्हणजे साडेआठशे मीटर.

इथे पेन्सिल घ्या, कारण पुढचं वाक्य बहुतेक बातम्यांतून निसटलं. अहवाल म्हणतो की इतक्या उशिरा टेकूनही, पूर्ण ब्रेक आणि विमान थांबवण्यासाठीचा इंजिनांचा पूर्ण उलट जोर वापरला असता तर विमान पक्क्या पृष्ठभागावर थांबू शकलं असतं. पण ब्रेक लावल्यापासून सहा सेकंदांच्या आत कॅप्टननी पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. बोइंगच्या कार्यपद्धतीत हे बसत नाही. उलट जोर एकदा लावला की थांबायचंच असतं.

पायरी ५: विमानाबाहेर बघा

आता १.१०. मंगळूरचा हा बजपे विमानतळ टेबलटॉप आहे. रत्नागिरीकडचा जांभ्याचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चित्र लगेच दिसेल: वर सपाट, आणि कडेला आलं की एकदम खोल दरी. धावपट्टी संपल्यावर ६० मीटरची पट्टी, पुढे ९० मीटरचं सुरक्षा क्षेत्र. त्यापलीकडे लोकलायझरचा अँटेना, काँक्रीटच्या बांधकामावर उभा केलेला. विमानाचा उजवा पंख त्यावर आदळला. मग कुंपण, मग दरी, मग आग.

अशी बांधकामं आदळलं की सहज मोडतील अशी असावीत, हा नियम धावपट्टीच्या टोकाशी कशासाठी आहे ते या एका पानावरून कळतं. वैमानिकाने कितीही मोठी चूक केली तरी तो अँटेना कॅप्टननी बांधला नव्हता. अहवाल वाचताना हा प्रश्न सतत विचारत राहा: चूक झाल्यावर माणसं वाचायला जागा होती का? वाचलेले आठ जण विमानाच्या तुटलेल्या भागातून बाहेर पडले. १.१५, म्हणजे जगण्याची शक्यता, हा भाग याचसाठी वाचायचा. तो वाचताना जड जातं, पण पुढच्या प्रवाशांना त्याचाच उपयोग होतो.

पायरी ६: कारणाचं वाक्य तोडून वाचा

निष्कर्षात थेट कारण असं दिलंय: अस्थिर झालेलं उतरणं कॅप्टननी सोडून दिलं नाही, सहवैमानिकाच्या तीन सूचना आणि यंत्राचे इशारे असूनही ते पुढे गेले. वर्तमानपत्रांनी याचं 'वैमानिकाची चूक' केलं. अहवाल तिथे थांबत नाही. त्याखाली सहायक कारणं आहेत. लांबलेल्या झोपेतून जागं झाल्यावरची गुंगी, आणि तीही पहाटेच्या त्या वेळात जेव्हा शरीर सगळ्यांत सुस्त असतं. रडार नसल्याने कमी अंतरात मिळालेली परवानगी. आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातात घ्यावं का, कधी घ्यावं, याबद्दलच्या सूचनांमधली संदिग्धता.

मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एका माणसाला धोका दिसत होता. त्याने तो तीन वेळा सांगितला. तो बरोबर होता. तरी त्याचा हात नियंत्रणाच्या दांड्यावर गेला नाही. 'का गेला नाही' याचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधणं सोपं आहे. अहवाल ते कंपनीच्या कागदांत शोधतो, आणि म्हणून १.१७ हा कंटाळवाणा भाग तुम्ही वगळू नये असं मी कळकळीने सांगतो. वरिष्ठाला अडवणं आपल्याकडे घरात, कार्यालयात, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी किती अवघड असतं ते आपल्याला ठाऊक आहे. कॉकपिटमध्ये ते अवघड राहू नये यासाठी नियम स्पष्ट लागतात आणि सराव लागतो.

ताळा करायला दुसरं उदाहरण घ्या. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट वांद्र्याच्या समुद्रात पडलं, २१३ जण गेले. तिथेही वैमानिकाने विमान चुकीच्या बाजूला कलवलं. पण त्याच्यासमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरणच बिघडलेलं होतं आणि रात्रीच्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं. दोन्हींकडे 'वैमानिकाची चूक' लिहिता येईल. त्या दोन शब्दांनी दोन्ही अपघातांतलं काहीच कळत नाही.

पायरी ७: शिफारशींचं पुढे काय झालं ते शोधा

अहवालाचा चौथा भाग सगळ्यांत कमी वाचला जातो. शिफारशींची यादी वेगळी उतरवून घ्या आणि पुढच्या वर्षांच्या बातम्या, संसदेतली उत्तरं, पुढचे अहवाल यांच्याशी ताडून बघा.

चांगलं उदाहरण चरखी दादरीचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणावर सौदी आणि कझाक विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर हवेतल्या टकरीचा इशारा देणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

दुसरं उदाहरण वाचताना त्रास होतो. मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, त्याच कंपनीचं, दुबईहूनच निघालेलं, त्याच प्रकारचं विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर पावसात उतरलं. १९० जण होते, दोन्ही वैमानिकांसह २१ गेले. कॅप्टन होते दीपक साठे, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, नागपूरच्या घरातले. विमान धावपट्टीच्या निम्म्यापर्यंत जाऊन टेकलं. एएआयबीचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात अस्थिर उतरणं आहे, सहवैमानिकाने दिलेली 'गो अराउंड'ची सूचना आहे, आणि त्याने नियंत्रण हातात न घेणंही आहे. कॅप्टनच्या बाजूचा काचेचा वायपर नीट चालत नसल्याचंही त्यात आहे. दोन्ही अहवालांचे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचा. धावपट्टीच्या टोकाला विमान अडवणारा भुसभुशीत थर घालावा, ही शिफारस मंगळूरच्या अहवालात होती. कोळिकोडला तसा थर नव्हता.

पायरी ८: तुमच्या घरचं कोणी असेल तर

अहवाल वर्षभराने येतो, पण घरच्यांची कामं पहिल्या दिवसापासून असतात. देवाने कुणावर ही वेळ आणू नये, पण आली तर हे हाताशी असावं.

ओळख पटवण्यासाठी डीएनए नमुना आई, वडील किंवा मुलांचा लागतो. ते नसतील तर सख्ख्या भावंडांचा. नवरा किंवा बायकोच्या नमुन्याने जुळणी होत नाही. दातांचे एक्स-रे, जुन्या शस्त्रक्रियेचे कागद, टूथब्रश, कंगवा सोबत न्या. तपासणीचा निकाल येईपर्यंत कपड्यांवरून, दागिन्यांवरून देह ताब्यात घेऊ नका. मंगळूरला घाईत नेलेल्या देहांमुळे गोंधळ झाला आणि शेवटी १२ जणांचे अंत्यसंस्कार ओळख न पटता करावे लागले.

तिकीट, बोर्डिंग पासचा फोटो, पासपोर्टची प्रत, पगाराच्या पावत्या, आयकराचे कागद एका फायलीत ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये आला. २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीसाठी कंपनीला 'आमची चूक नव्हती' म्हणून हात झटकता येत नाहीत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, त्याचा रुपयातला दर रोज बदलतो. त्यावरची रक्कम मागितली तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीला दाखवावं लागतं. देशांतर्गत प्रवासाच्या मर्यादा वेगळ्या असतात.

सुरुवातीला मिळणारी तातडीची रक्कम अंतिम भरपाईतून वजा होते, ती घेतल्याने हक्क जात नाही. पण ज्या कागदावर 'संपूर्ण आणि अंतिम' अशा अर्थाचे शब्द असतील तो हवाई अपघातांचं काम केलेल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, समोरचा माणूस कितीही सहानुभूतीने बोलत असला तरी. मंगळूरच्या एका मृत प्रवाशाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ७.६४ कोटी रुपये मंजूर केले, ते मृताच्या पगाराचा आणि भविष्यातल्या कमाईचा हिशेब मांडून. म्हणून पगाराचे कागद महत्त्वाचे.

आणि मुदत लक्षात ठेवा. विमान पोहोचायला हवं होतं त्या तारखेपासून दोन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. अंतिम अहवाल लांबला तरी ही मुदत लांबत नाही.